उलट्या पावलांचा गॅलिलिओ: एका ऑपेराचा प्रकरण अभ्यास

छळ झालेल्या माणसावर संगीतरचना करायला बसलं की शेवट आधीच हातात असतो आणि तिथेच घोटाळा होतो. न्यायालय, माघार किंवा मरण, मग एक मोठा गजर, आणि प्रेक्षक डोळे पुसत घरी. आपल्या जुन्या संतपटांमध्ये शेवटी विमान यायचं, तसं. माणूस वर जातो, छळणारे खाली तोंड वासून उभे राहतात. संताला ते शोभतही असेल. वैज्ञानिकाला मात्र असं विमान दिलं, की त्याने नेमकं काय शोधलं, कसं शोधलं आणि त्याचं स्वतःचं कुठे चुकलं हे सगळं त्या धुपाच्या धुरात हरवतं.

अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लास आणि दिग्दर्शिका मेरी झिमरमन यांच्यापुढे हा प्रश्न गॅलिलिओच्या निमित्ताने आला. त्यांचा ‘गॅलिलिओ गॅलिलेई’ हा ऑपेरा 24 जून 2002 रोजी शिकागोच्या गुडमन थिएटरमध्ये पहिल्यांदा झाला आणि त्याच वर्षी ब्रुकलिन अकॅडमी ऑफ म्युझिक आणि लंडनच्या बार्बिकनमध्येही पोचला. संहिता झिमरमन, ग्लास आणि अर्नॉल्ड वाइनस्टाइन यांची, भाषा इंग्रजी. दहा प्रवेश, मध्यंतर नाही, दीड तासाचा खेळ. वाद्यवृंद लहान, त्यामुळे मोठं ऑपेरागृह नसलं तरी चालतं. ओरेगॉनच्या पोर्टलंड ऑपेराने 2012 मध्ये तो केला, त्याचं ध्वनिमुद्रण पुढच्या वर्षी निघालं. मी लिहितोय ते मुख्यतः त्या ध्वनिमुद्रणाच्या आणि इतिहासाच्या आधारावर.

या प्रकरणातला मुख्य निर्णय असा: गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडे सांगायची. पडदा उघडतो तेव्हा गॅलिलिओ म्हातारा आणि आंधळा आहे, मागचं आठवतो आहे. दुसऱ्याच प्रवेशात तो चर्चसमोर गुडघे टेकून माघार घेतो. म्हणजे ज्याची वाट बघत प्रेक्षक दीड तास बसले असते, ते पहिल्या काही मिनिटांतच उरकलेलं असतं. त्यानंतर खटला, त्यामागे मैत्रीचे दिवस, त्यामागे उतरत्या फळीवरचे प्रयोग, दुर्बीण, पिसाच्या कॅथेड्रलमधले झुलते दिवे, आणि अगदी शेवटी लहान मुलगा झालेला गॅलिलिओ बापाने रचलेला ऑपेरा बघत बसला आहे.

आधी प्रत्यक्षात काय घडलं

ऑपेराने जे उलटं केलं ते सुलटं माहीत असल्याशिवाय निर्णयाची किंमत कळत नाही.

गॅलिलिओचा जन्म पिसाचा, 15 फेब्रुवारी 1564. जानेवारी 1610 मध्ये त्याने दुर्बिणीतून गुरूभोवतीचे चार चंद्र पाहिले, त्यांना फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याचं नाव दिलं आणि त्या घराण्याच्या दरबारात नोकरी मिळवली. (पोटापाण्याची जाण त्याला चांगलीच होती, चरित्रकार हा भाग भराभर ओलांडतात.) 1616 मध्ये चर्चने कोपर्निकसचं मत, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे, चूक ठरवलं. कार्डिनल बेल्लार्मिनोने गॅलिलिओला बोलावून ताकीद दिली. त्या ताकिदीचे पुढे दोन कागद निघाले आणि सगळा खटला त्या दोन कागदांच्या मधल्या फटीत घडला.

पहिला कागद बेल्लार्मिनोने गॅलिलिओला स्वतः लिहून दिलेला. त्यात एवढंच, की हे मत धरता येणार नाही आणि त्याचं समर्थन करता येणार नाही, असं गॅलिलिओला कळवलं आहे. दुसरा कागद चर्चच्या दप्तरातला, त्यावर सही नाही. तो म्हणतो, हे मत कोणत्याही प्रकारे शिकवायचंसुद्धा नाही. 1632 मध्ये याच मतावरच्या वादाचं गॅलिलिओचं ‘संवाद’ हे पुस्तक छापून निघालं, तेव्हा दप्तरातून हा दुसरा कागद बाहेर आला. पहिल्या कागदाप्रमाणे पुस्तक कसंबसं चालून जाण्यासारखं होतं, दुसऱ्याप्रमाणे मुळीच नाही.

त्यात पोपचा राग. आठवा अर्बन पोप होण्याआधी माफेओ बार्बेरिनी होता, गॅलिलिओचा चाहता होता. 1620 मध्ये त्याने गॅलिलिओच्या स्तुतीची लॅटिन कविता लिहिली होती. देव सर्वशक्तिमान आहे, त्याने हे सगळं आपल्याला कल्पनाही करता येणार नाही अशा रीतीने घडवलं असेल, हा बार्बेरिनीचा आवडता युक्तिवाद. गॅलिलिओने तो पुस्तकात घेतला खरा, पण सिम्प्लिचिओच्या तोंडी घातला. सिम्प्लिचिओ म्हणजे पुस्तकभर ज्याची खिल्ली उडते ते पात्र. शिवाय पुस्तक लॅटिनऐवजी इटालियनमध्ये, म्हणजे दुकानदारालाही वाचता येईल असं. पोपला हे व्यक्तिगत वाटलं यात नवल नाही.

फेब्रुवारी 1633 मध्ये गॅलिलिओ रोमला पोचला. वय 69. एप्रिलपासून जबान्या झाल्या, जूनमध्ये यातनांची धमकी देऊन शेवटचे प्रश्न विचारले गेले. 22 जूनला सान्ता मारिया सोप्रा मिनेर्वाच्या मठात निकाल वाचला गेला: पाखंडाचा तीव्र संशय. निकालावर दहापैकी सातच कार्डिनलांच्या सह्या आहेत. न केलेल्या तिघांत पोपचा पुतण्या फ्रान्चेस्कोही होता. गॅलिलिओने गुडघे टेकून माघारीची शपथ वाचली. शिक्षा कैदेची होती, ती नजरकैदेवर आली: आधी सिएनाच्या आर्चबिशपकडे, मग डिसेंबरपासून फ्लॉरेन्सबाहेर आर्चेत्रीच्या स्वतःच्या घरात. ‘तरीही ती फिरतेच’ हे वाक्य तो तिथे पुटपुटला, ही कथा छापील स्वरूपात 1757 च्या सुमारास दिसते. तोपर्यंत त्याला जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली होती. पुटपुटला असता तर आर्चेत्रीऐवजी अंधारकोठडीत गेला असता.

उलटं सांगून काय साधलं

सगळ्यात मोठी कमाई मुलीच्या बाबतीत आहे.

गॅलिलिओची थोरली मुलगी व्हर्जिनिया. आईबापांचं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे मुलीचं लग्न जमणं अवघड. तेराव्या वर्षी तिला आर्चेत्रीच्या सान मात्तेओ मठात घातलं. जोगीण झाल्यावर तिने मारिया चेलेस्ते हे नाव घेतलं. ‘चेलेस्ते’मध्ये आकाश आहे, बापाकडे बघूनच ते घेतलं असणार. तिची 124 पत्रं आज आहेत. त्याने तिला लिहिलेलं एकही उरलेलं नाही. पत्रांत कॉलर धुऊन पाठवल्याचं असतं, फळांचा मुरांबा केल्याचं असतं, मठात पैसे कमी पडताहेत तेही असतं. निकालात गॅलिलिओला एक धार्मिक शिक्षाही होती: तीन वर्षं दर आठवड्याला प्रायश्चित्ताची सात स्तोत्रं म्हणायची. मारिया चेलेस्तेने त्याला कळवलं की ते काम मी माझ्याकडे घेतलं आहे. बाप आर्चेत्रीला परतल्यावर चार महिन्यांच्या आत, 2 एप्रिल 1634 रोजी, ती आमांशाने गेली. वय 33.

सरळ क्रमाने सांगितलं असतं तर हा मृत्यू खटल्यानंतर आला असता, दुःखावर आणखी दुःख, आणि तो रंगवण्याचा मोह कुठल्याही संगीतकाराला आवरला नसता. उलट क्रमात मारिया चेलेस्ते आधीच गेलेली आहे, आणि पुढच्या प्रवेशांमध्ये ती जिवंत होऊन येते. तिच्या पत्रातला नाशपातीचा विषय एका प्रवेशात आहे. पत्र म्हणून वाचलं तर ती घरगुती बाब आहे. ती गेली आहे हे माहीत असताना तेच ऐकलं की आवाजात काहीही न घालता ते जड होतं. इथे ग्लासला करुण स्वर शोधावा लागत नाही. त्याचं नेहमीचं फिरतं, सपाट आवर्तन चालू राहतं आणि वजन क्रमातून येतं.

दुसरी कमाई बागेतल्या प्रवेशाची. गॅलिलिओ आणि कार्डिनल बार्बेरिनी बागेत फेरफटका मारताहेत, कवितेचं बोलणं चाललंय, एकमेकांबद्दल आदर आहे. खटला आपण आधीच बघितला आहे, त्यामुळे बार्बेरिनीचं प्रत्येक गोड वाक्य ऐकताना कानाला खटकतं. सरळ क्रमात हाच प्रवेश प्रस्तावना ठरला असता, लोक तेवढ्यात खुर्ची सावरून बसले असते.

माघारीचा प्रवेश दुसराच आल्यामुळे त्याला गजर करता येत नाही. पुढे आठ प्रवेश आहेत, सगळी ताकद इथे खर्च करून चालणार नाही. त्यामुळे संगीत राखून वागतं, आणि ते प्रत्यक्ष घटनेशीही जुळतं: एक म्हातारा दुसऱ्यांनी लिहून दिलेला मजकूर मोठ्याने वाचतो आहे. त्यात वीररस नव्हताच.

आवाजांची वाटणी मजेशीर आहे. म्हातारा गॅलिलिओ टेनर (पुरुषाचा वरच्या पट्टीतला आवाज) आणि तरुण गॅलिलिओ बॅरिटोन (त्याच्या खालचा), दोन वेगळे गायक. सहसा ऑपेरात वय वाढलं की आवाज खाली उतरतो. बाप, राजे, पुरोहित खर्जात, प्रेमी वरच्या पट्टीत. इथे उलटं. भूतकाळात जाताना आवाज खाली, भक्कम जमिनीवर येतो, आणि आंधळा म्हातारा वरच्या, ताणलेल्या जागी राहतो. उलट क्रमाला त्याचा हातभार लागतो हे नक्की.

बाप वादक होता ही गोष्ट

शेवटचा प्रवेश बापाच्या संगीतात का ठेवला, हे कळायला विन्चेन्झो गॅलिलेईकडे जायला हवं. मला विचाराल तर या ऑपेराचा खरा पाया हाच आहे.

विन्चेन्झो हा गॅलिलिओचा बाप. तो ल्यूट (पडदे बांधलेलं जुनं युरोपीय तंतुवाद्य) वाजवायचा, रचना करायचा आणि संगीतशास्त्रावर भांडायचा. फ्लॉरेन्समध्ये काउंट बार्दीच्या घरी जमणाऱ्या विद्वान मंडळींपैकी तो एक. त्यांचं म्हणणं असं, की चार-पाच आवाज एकाच वेळी वेगवेगळी ओळ गातात त्या गुंतागुंतीत शब्द मरतो. जुन्या ग्रीकांसारखा एकच आवाज, साधी साथ आणि शब्द स्पष्ट, असं गाणं हवं. या विचारातून पुढे ऑपेरा जन्मला. विन्चेन्झोने 1581 मध्ये जुन्या आणि नव्या संगीतावर पुस्तक लिहिलं तेही संवादाच्या रूपात, आणि त्यात स्पष्ट म्हटलं की थोरांच्या नावाच्या आधाराने मत सिद्ध करणं हास्यास्पद आहे. मुलाने पन्नास वर्षांनी संवादच लिहिला आणि हीच खोड केली. घराण्याचा वारसा म्हणावा तर हा.

विन्चेन्झोचा सगळ्यात मोलाचा प्रयोग तारेवरचा. तंबोऱ्याची तार बरोबर मध्यावर दाबून छेडली की तार षड्ज मिळतो, हे आपल्याला ठाऊक आहे: लांबी निम्मी, स्वर वरच्या सप्तकात. आता लांबी तशीच ठेवायची, तारेच्या टोकाला वजन टांगायचं आणि वजन वाढवून तार षड्ज काढायचा. किती पट वजन लागेल? पायथागोरस लोहाराच्या दुकानात हातोड्यांचे आवाज ऐकून हिशेब मांडतो अशी एक कथा शतकानुशतकं पुस्तकातून पुस्तकात उतरत आली होती. तिच्याप्रमाणे उत्तर दुप्पट. दोन आणि एक हे गुणोत्तर लांबीला लागतं तसंच वजनालाही लागणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. विन्चेन्झोने प्रत्यक्ष वजनं टांगून बघितलं: चौपट. पंचमासाठी दीडपट नव्हे, सव्वादोन पट. म्हणजे लांबीच्या गुणोत्तराचा वर्ग. हे त्याने 1589 च्या पुस्तकात मांडलं.

स्वराचा हा नियम एका वादकाने हाताने शोधला, ग्रंथात वाचून नव्हे. आणि तो शोधला त्या सुमारास त्याचा मुलगा पिसाचं वैद्यकीचं शिक्षण पदवीविना सोडून घरीच होता, गणिताच्या शिकवण्या करत होता. वजनं टांगताना तो शेजारी उभा होता असं म्हणायला पुरावा नाही, पण एकाच घरात हे चाललं होतं. पुढे मुलाने पडणाऱ्या वस्तूंसाठी जो नियम काढला, त्यातही वर्गच आहे.

त्या नियमाच्या शोधातही संगीत असावं, असं कॅनडात काम केलेल्या स्टिलमन ड्रेक या इतिहासकाराने 1975 मध्ये मांडलं. त्याला गॅलिलिओच्या हस्तलिखितातलं एक पान खटकत होतं. त्यावर उतरणीवरून घरंगळणाऱ्या चेंडूने समान वेळांत कापलेली अंतरं लिहिलेली, आणि ती फार अचूक. अर्ध्या सेकंदासारखी वेळ मोजणारं घड्याळ त्या काळी नव्हतं. मग मोजलं कसं? ड्रेकचं उत्तर: फळीवर ल्यूटसारखे तातीचे पडदे बांधले असतील. चेंडू पडद्यावरून जाताना टक् असा आवाज करतो. वादक माणूस ठेका मनात धरतो आणि टक्टक् ठेक्यावर येईपर्यंत पडदे वरखाली सरकवत राहतो. सतारीचे पडदे सरकवून स्वर जुळवणाऱ्याला हे सांगायची गरज नाही. इथे स्वराऐवजी मात्रा जुळवायची. कानाला लयीतली चूक घड्याळापेक्षा लवकर कळते. सगळं जुळलं की फक्त पट्टीने अंतरं मोजायची: 1, 3, 5, 7 या प्रमाणात निघतात, बेरीज केली की 1, 4, 9, 16. ड्रेकने स्वतः असं करून बघितलं, ठेक्यासाठी एक कूचगीत गुणगुणत. गॅलिलिओने छापील पुस्तकात मात्र पाण्याच्या घड्याळाचं वर्णन केलं आहे, तेव्हा ड्रेकची कल्पना ही कल्पनाच. पण या माणसाच्या हाताला ल्यूट होतं हे विसरून केलेल्या कल्पनांपेक्षा बरी.

ऑपेरात उतरत्या फळीचा प्रवेश आहे. म्हणजे लयीतून नियम काढणारा वैज्ञानिक आणि लयीच्या आवर्तनावर उभा असलेला संगीतकार एकाच जागी येतात. ग्लासला हे आवर्तन कुठून मिळालं त्याची गोष्ट आपल्याकडची आहे. साठच्या दशकाच्या मध्यात तो पॅरिसमध्ये नादिया बुलांजे यांच्याकडे शिकत होता. रविशंकर तिथे एका चित्रपटाचं संगीत करत होते, ते पाश्चात्त्य वादकांसाठी लिहून काढायचं काम ग्लासकडे आलं. तो मात्रांच्या मध्ये रेघा मारून लिहायचा आणि वादक वाजवायला लागले की आघात भलतीकडे पडायचे. अल्लारखा सारखे सांगत, सगळे स्वर सारखेच. शेवटी ग्लासने वैतागून रेघा खोडून टाकल्या, आणि समोर लहान लहान मात्रांची अखंड ओळ दिसली, मोठ्या आवर्तनात फिरणारी. त्याच्या पुढच्या सगळ्या कामाला तिथून वळण लागलं. आइनस्टाइनवरचा 1976 चा, गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्यावरचा, भगवद्गीतेच्या मूळ संस्कृत श्लोकांत गायला जाणारा 1980 चा, असे त्याचे ऑपेरे त्याच वाटेवरचे. एवढं सगळं असताना फळीच्या प्रवेशात काहीतरी खास घडेल असं वाटतं. माझ्या कानाला ते घडत नाही. संवाद येतात, समजुतीचं बोलणं होतं, खाली आवर्तन चालू राहतं. जे आवर्तन नाशपातीखाली होतं, जवळपास तेच. घसरणाऱ्या चेंडूची वाढती गती संगीतात ऐकू यावी, ही अपेक्षा मला जास्तीची वाटत नाही.

काय हातचं गेलं

पहिलं म्हणजे खटल्याचं राजकारण. दोन कागदांची गोष्ट वर सांगितली. ती कळायला 1616 आधी हवं आणि 1633 नंतर. आधी कागद पेरायचा, मग उगवताना दाखवायचा. उलट चालीत पेरणी पिकानंतर येते. त्यामुळे न्यायालयाच्या प्रवेशात पोप आणि चर्च एका ढोबळ, काळ्या आकाराचे होतात, आणि सही न करणारे तिघे कार्डिनल, सहीविना कागद, सिम्प्लिचिओच्या तोंडचा पोपचा युक्तिवाद, यांपैकी कशाचाही चटका बसत नाही. छळ कोणी केला हे दिसतं. तो कोणत्या यंत्रणेने, कोणत्या कागदावर, कोणाच्या दुखावलेल्या मानापोटी झाला, हे विरतं. माझ्या मते ही किरकोळ किंमत नाही. छळाची गोष्ट सांगायची तर यंत्रणा दाखवणं हे अर्धं काम.

त्याबरोबर गॅलिलिओच्या चुकाही गेल्या. पृथ्वी फिरते याचा त्याचा लाडका पुरावा म्हणजे भरती-ओहोटी. समुद्र हिंदकळतो कारण पृथ्वी हलते, असं त्याचं म्हणणं. ते चूक होतं, आणि भरतीचा संबंध चंद्राशी जोडणाऱ्या केप्लर या खगोलशास्त्रज्ञाची त्याने टर उडवली. निर्दोष माणसाचा छळ आणि चुका करणाऱ्या, तिखट जिभेच्या, तरीही मूळ मुद्द्यावर बरोबर असलेल्या माणसाचा छळ, यांतली दुसरी गोष्ट जास्त अवघड आणि जास्त खरी आहे.

इथे तुलनेला एक जुनं उदाहरण घ्यायला हवं. गॅलिलिओवरचं जर्मन नाटककार ब्रेख्तचं नाटक 30 जुलै 1947 रोजी लॉस एंजेलिसमध्ये इंग्रजीत झालं, मुख्य भूमिकेत चार्ल्स लॉटन, संगीत हान्स आइस्लरचं. हिरोशिमा झालेलं होतं. ब्रेख्तचा गॅलिलिओ खादाड, हिशेबी आणि शेवटी भेकड आहे. आइस्लरने त्याच्या आत शिरून संगीत केलं नाही. प्रवेशांच्या मधल्या जागेत मुलांच्या आवाजातली गाणी ठेवली, जी बाहेर उभी राहून टोचून बोलतात. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आइस्लरलाच अमेरिकन संसदेच्या समितीपुढे कम्युनिस्ट म्हणून उभं राहावं लागलं, ऑक्टोबरात ब्रेख्तला. ब्रेख्त दुसऱ्याच दिवशी युरोपला निघून गेला, आइस्लरला मार्च 1948 मध्ये देश सोडावा लागला. त्यांना यंत्रणा माहीत होती, तिचा वास त्या कामाला आहे. ग्लासच्या कामात बापलेकीची माया आहे, बापलेकाची आहे, आणि यंत्रणा लांबून आलेल्या गडगडाटासारखी ऐकू येते.

शेवटचा प्रवेश

आता अखेरचा, लहानग्या गॅलिलिओचा प्रवेश. तो बघतो तो बापाचा ऑपेरा ओरायन या शिकाऱ्याचा आहे. आपल्याकडे ज्या तारकांना मृग म्हणतात त्या पट्ट्यातलाच हा ग्रीक ओरायन. त्याचे डोळे काढले जातात, तो उगवतीकडे चालत जातो आणि पहाटेची देवी इओस त्याला दृष्टी परत देते.

इतिहासाला धरून हे अशक्य आहे. विन्चेन्झो 1591 मध्ये वारला आणि ज्याला पहिला ऑपेरा म्हणतात तो 1598 चा. त्याने ऑपेरा लिहिलेला नाही आणि गॅलिलिओच्या बालपणी ऑपेरा नावाची वस्तूच नव्हती. हे स्वातंत्र्य मला मान्य आहे, आवडतंही. बापाने ज्या कलेची पायाभरणी केली त्याच कलेत मुलाची गोष्ट सांगितली जाते आहे, ही गाठ एका फटक्यात बसते, तिला तारखांचा अडसर कशाला.

अडतं ते ओरायनशी. पहिल्या प्रवेशात आंधळा म्हातारा, शेवटच्यात दृष्टी परत मिळणारा वीर, वरून पहाट. माघारीला गजर द्यायचा नाही म्हणून काळ उलटा केला, आणि समोरच्या दाराने परत पाठवलेलं विमान मागच्या दाराने रंगमंचावर उतरवलं. संगीतही इथे उजळतं. लोकांना तो शेवट आवडतो, मी त्यांना दोष देत नाही. पण जो माणूस थोरांच्या नावाऐवजी फळी आणि चेंडू पुढे करत होता, त्याची सुटका पुराणकथेतून करावी लागावी?

शिवाय आर्चेत्रीतला आंधळा गॅलिलिओ नुसता आठवत बसलेला नव्हता. 1637 संपता संपता दोन्ही डोळे गेले होते, आणि जानेवारी 1638 मध्ये त्याने एका मित्राला लिहिलं की ज्या विश्वाच्या सीमा मी शेकडो पटींनी वाढवल्या ते आता माझ्या अंगाएवढं आकसलं आहे. त्याच वर्षी त्याचं सगळ्यात भक्कम पुस्तक बाहेर पडलं. पदार्थांची ताकद आणि गतीचे नियम यांवरचं, सिएनात नजरकैदेत असताना लिहायला घेतलेलं. इटलीत छापायची सोय नव्हती, म्हणून हस्तलिखित हॉलंडमध्ये लायडेनला गेलं आणि तिथे एल्झेव्हिरने छापलं. फळीवरच्या चेंडूचा नियम याच पुस्तकात आहे, आणि विन्चेन्झोच्या तारा आणि वजनंही. छळ झाल्यानंतरचं हे काम आधीच्या कामापेक्षा मोठं आहे, आणि छळावर रचना करणाऱ्यांच्या नजरेतून नेमकं तेच निसटतं.

1641 मध्ये, मरणाच्या आदल्या वर्षी, त्याच्या डोक्यात आलं की लंबक घड्याळाला जोडला तर वेळ नीट मोजता येईल. पिसाच्या झुलत्या दिव्याची दंतकथा (तो दिवा बघून गॅलिलिओला लंबकाचा नियम सुचला, ही) सांगणारा शिष्य विव्हियानी तेव्हा त्याच्या घरीच राहत होता, ही हकिकतही त्यानेच लिहून ठेवली आहे. दिव्याच्या कथेवर माझा फारसा विश्वास नाही, कारण आज कॅथेड्रलमध्ये दाखवतात तो दिवा त्या सांगितलेल्या प्रसंगानंतर काही वर्षांनी टांगलेला आहे. घड्याळाची हकिकत मात्र रेखाटनासह आपल्यापर्यंत आली आहे. गॅलिलिओला दिसत नव्हतं, म्हणून त्याने यंत्राची रचना तोंडी सांगितली आणि मुलाने ती कागदावर उतरवली. या मुलाचं नाव आजोबांवरून ठेवलेलं, विन्चेन्झो. ऑपेरात दिव्यांचा प्रवेश आहे, घड्याळाचा नाही. उलट्या क्रमात तो सुरुवातीलाच बसला असता: आंधळा बाप, आजोबांच्या नावाचा मुलगा, आणि ठोके मोजणारं यंत्र.